सल आणि सांत्वन

अपत्यशोकाच्या वाङ्मयाचा विचार करताना आपले लक्ष साहजिकच शोक करणाऱ्याकडे जाते. त्याच्या दारी समाचाराला आलेला माणूस काय बोलतो, का बोलतो आणि त्या बोलण्याने नेमके काय साधते, हा प्रश्न त्यामानाने मागे राहतो. वस्तुतः सांत्वनालाही इतिहास आहे. आणि तो तपासून पाहिला म्हणजे जुन्या ग्रंथकारांना सांत्वनाच्या सामर्थ्याइतकीच त्याच्या अपुरेपणाचीही जाणीव होती, असे दिसून येते.

लहान मुलाच्या मृत्यूत सांत्वनाचा भार शब्दांवर अधिक पडतो, याला आपल्या समाजात एक कारण आहे. मनुस्मृती आणि याज्ञवल्क्यस्मृती यांनी दोन वर्षांच्या आतील मुलाला दहन न करता भूमीत पुरण्यास सांगितले असून, त्याला उदकदानही विहित नाही. वडीलधारे माणूस गेले म्हणजे पुढील दिवसांचे विधी घराला गुंतवून ठेवतात, आप्तेष्टांना येण्याजाण्याचे निमित्त देतात. तान्ह्या मुलाच्या मातापित्यांना हा आधार फारसा नाही. त्यांच्याजवळ जो येतो, त्याच्यापाशी शब्दांवाचून दुसरे काही नसते.

या शब्दांची सर्वांत निष्ठुर परीक्षा महाभारताच्या शांतिपर्वातील गृध्रगोमायुसंवादात झालेली आहे. एका ब्राह्मणाचे लहान मूल वारले आहे. आप्तजन ते स्मशानात घेऊन आले आहेत. गिधाड त्यांना सांगते की, मेलेला कोणी परत येत नाही, काळापुढे इलाज नाही, तेव्हा घरी जा. ते निघाले की कोल्हा त्यांना अडवतो: इतक्यात माया आटली काय? सूर्य अजून मावळलेला नाही. थांबा, कदाचित बाळ उठेलही. दोघांचेही बोलणे सुभाषितांनी भरलेले आहे आणि दोघेही भुकेले आहेत. गिधाडाला दिवस असेतो प्रेत हवे आहे, कोल्ह्याला रात्र पडेतो माणसे थांबायला हवी आहेत. शेवटी शंकर प्रकट होऊन बाळाला शंभर वर्षांचे आयुष्य देतात. पण तोपर्यंत त्या माणसांची स्मशान आणि घर यांच्यामध्ये जी ओढाताण होते, तीच या आख्यानाचा गाभा आहे.

आनंदवर्धनाने व त्याच्यामागून मम्मटाने या संवादाची गणना प्रबंधगत ध्वनीच्या उदाहरणांत केली, हे अभ्यासकांना परिचितच आहे. व्यंग्यार्थ एखाद्या सुट्या पदात नसून संपूर्ण प्रबंधात आहे, हे त्यांना दाखवायचे होते. परंतु याच उदाहरणाला मम्मटाचेच दुसरे एक तत्त्व लावून पाहण्यासारखे आहे. वाक्याचा व्यंग्यार्थ ठरवताना तो वक्तृवैशिष्ट्याला पहिले स्थान देतो. अनित्यतेचा उपदेश गिधाडाच्या मुखातून आला की त्याचा अर्थ ‘येथून निघा’ एवढाच उरतो. तोच उपदेश अन्य मुखातून आला तर?

याचे उत्तर पाली थेरीगाथेत सापडते. त्रिपिटकाच्या खुद्दकनिकायात समाविष्ट झालेल्या या त्र्याहत्तर गाथांमध्ये अपत्यशोकाने पोळलेल्या स्त्रियांचे उद्गार वारंवार येतात. पटाचारेने दोन मुले, पती, आईबाप आणि भाऊ गमावले, असे अट्ठकथा सांगते. पुढे मुले गेलेल्या शेकडो स्त्रिया तिच्याकडे आल्या, तेव्हा तिने त्यांना विचारले की, जो कोणत्या वाटेने आला हे तुम्हांला ठाऊक नाही, ज्याने येताना विचारले नाही आणि जाताना निरोप घेतला नाही, त्याच्यासाठी हा आक्रोश का? तर्क म्हणून पाहिले तर यात आणि गिधाडाच्या बोलण्यात फारसे अंतर नाही. अंतर आहे ते वक्त्यात. पटाचारेला त्या स्त्रियांकडून काही मिळवायचे नव्हते, आणि त्यांचे दुःख तिच्या घरचे होते.

किसागोतमीची कथाही याच दृष्टीने वाचली पाहिजे. मृत बाळाला कडेवर घेऊन औषध मागत फिरणाऱ्या त्या मातेला बुद्धाने प्रथम उपदेश केला नाही; जेथे कोणी मेले नाही अशा घरातून मूठभर मोहरी आणण्यास सांगितले. श्रावस्तीच्या प्रत्येक उंबऱ्यावर तिला कोणाच्या तरी मृत्यूची हकीकत ऐकावी लागली. मोहरीचा हा प्रसंग अट्ठकथेतला आहे, तिच्या गाथांत तो नाही. तिच्या गाथांचा आरंभ होतो तो कल्याणमित्रांच्या स्तुतीने, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते.

पटाचारेने सांत्वन केलेल्या स्त्रिया म्हणतात की, हृदयातील ‘सल्ल’ तिने उपटून काढले. अनुवादकाला येथे क्षणभर थांबावे लागते. संस्कृत ‘शल्य’, पाली ‘सल्ल’ आणि मराठी ‘सल’ हे एकाच कुळातले शब्द. परंतु पालीतील सल्ल बाण आहे, तो निघू शकतो. मराठीतील सल राहून जातो. गाथेत ‘सल’ हा शब्द घातला तर मुक्तीचा आनंद उणावतो, आणि ‘बाण’ म्हटले तर घरगुती वेदना हरवते.

सांत्वनाच्या पुढील इतिहासातला मुख्य वाद या दोन अर्थांमधलाच आहे. उब्बिरी ‘जीवा’ म्हणून कन्येला हाक मारीत रडत होती, तेव्हा बुद्धाने तिला सांगितले की, या स्मशानात जीवा नावाच्या चौऱ्याऐंशी हजार जणी जळून गेल्या आहेत. एक नाव असंख्यांत विरघळवून शोक शमवण्याची ही रीत झाली. याच्या अगदी उलट रीत एका रशियन कादंबरीत आढळते. मे १८७८ मध्ये दोस्तोयेव्हस्कीचा धाकटा मुलगा अल्योशा तीन वर्षांचा होण्यापूर्वीच वारला. जूनमध्ये तो सोलोव्योव्हसह ऑप्टिना मठात जाऊन आला. ‘करमाझोव्ह बंधू’ या कादंबरीत झोसिमा हा वृद्ध साधू एका शोकाकुल शेतकरी स्त्रीला प्रथम मूल देवदूतांत असल्याची ठरावीक कथा सांगतो. नवराही हेच सांगतो, असे ती उत्तरते. मग तो आपली वाट बदलतो, तिला रडण्याची मुभा देतो आणि मुलाचे नाव विचारतो. ते नाव अलेक्सेई, लेखकाच्या मुलाचेच आहे.

फ्रॉइडने १९१७ च्या निबंधात शोकाचे कार्य म्हणजे गेलेल्यापासून मन हळूहळू सोडवून घेणे, असे मांडले. परंतु त्याची कन्या सोफी १९२० मध्ये वारली, आणि १९२९ मध्ये बिन्सवांगेरला लिहिलेल्या पत्रात ती जागा कशानेही भरून निघत नाही, हे त्याने मान्य केले. १९६९ मध्ये इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथे सायमन स्टीफन्स या रुग्णालयातील धर्मोपदेशकाच्या लक्षात आले की, मुले गमावलेल्या दोन कुटुंबांना त्याच्या बोलण्यापेक्षा एकमेकांच्या सोबतीचा आधार अधिक वाटतो. त्यातून ‘द कम्पॅशनेट फ्रेंड्स’ ही मातापित्यांची संस्था उभी राहिली. तिच्या सभासदांमध्ये दीर्घकाळ वावरलेल्या डेनिस क्लास यांनी इतर दोघांसह १९९६ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादले गेले की, गेलेल्या मुलाशी नाते तुटत नाही, त्याचे रूप बदलते. आणि यात विकृती नाही. सलाला मिळालेली ही शास्त्रीय मान्यता म्हणता येईल.

म्हणून समाचाराला जाणाऱ्याच्या अंगी मोठे तत्त्वज्ञान असलेच पाहिजे असे नाही. आपल्या बोलण्यामागे घाई, संकोच किंवा लवकर निघण्याची इच्छा तर नाही ना, एवढे त्याने स्वतःला विचारावे. मग मुलाचे नाव घेऊन त्याच्याविषयी विचारावे, आणि आईबाप सांगतील ते ऐकत बसावे.