पाठलाग नव्हे, गाठ

उडते भक्ष्य पकडायचे तर शिकाऱ्याने थेट त्याच्यावर झेपावावे, असे सहज वाटते. परंतु शिकारी तिथे पोहोचेपर्यंत भक्ष्य पुढे सरकलेले असते. मग हवेतली शिकार साधते कशी? या शोधात भारतात शिकलेल्या संशोधकांचा महत्त्वाचा वाटा आहे.

ससाण्यांची पारख भारताला जुनीच. कुमाऊंचा राजा रुद्रदेव याचा संस्कृत ग्रंथ ‘श्यैनिक शास्त्र’ हरप्रसाद शास्त्री यांनी १९१० साली कोलकात्यात प्रसिद्ध केला. शिकारी पक्ष्यांच्या जाती, आहार, औषधे आणि शिकवण यांचे त्यात वर्णन आहे. झेपेचा मार्ग मोजणे मात्र चलच्चित्रणामुळेच शक्य झाले.

१९७८ साली टॉम कोलेट आणि मायकेल लँड यांनी हॉव्हरफ्लाय माशांचे उड्डाण अभ्यासले. नर मादीच्या मागे न धावता ती पुढे जिथे पोहोचेल तिकडे वळतो, असे त्यांना आढळले. बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले मंड्यम श्रीनिवासन यांनी मॅथ्यू डेव्ही यांच्यासह १९९५ मध्ये या माशांच्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या. पाठलाग करणारा जागचा हललाच नाही असे दुसऱ्याला भासावे, असाही एक मार्ग असतो, हे त्यांनी दाखवले. प्रतिस्पर्ध्यावर चाल करणारे नर चतुर हाच मार्ग धरतात, असे २००३ मध्ये श्रीनिवासन आणि सहकाऱ्यांनी नोंदवले.

२००६ साली अमेरिकेत कौशिक घोष, पी. एस. कृष्णप्रसाद, सिंथिया मॉस आणि सहकाऱ्यांनी वटवाघळांची शिकार अंधारात चित्रित केली. वटवाघूळ कीटकाची दिशा स्थिर राखत अंतर कमी करत जाते. समुद्रावर दुसरे जहाज सतत एकाच दिशेला दिसत जवळ येऊ लागले, तर टक्कर अटळ, हे खलाशी जाणतात. वटवाघूळ ती टक्कर मुद्दाम घडवून आणते. भक्ष्य कसेही वळत असले, तरी या रीतीने ते जवळजवळ किमान वेळेत गाठता येते, असे गणिताने दाखवले. २०१७ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांना बहिरी ससाण्याच्या झेपेत क्षेपणास्त्रांना लक्ष्याकडे नेणारा नियम आढळला.

विशेष म्हणजे, भूमितीच्या दृष्टीने वटवाघळाचा मार्ग श्रीनिवासन यांच्या ‘अदृश्य’ पाठलागाचाच एक प्रकार आहे. परंतु अंधारात भक्ष्याच्या डोळ्यांना फसवण्याला अर्थ उरत नाही. तिथे महत्त्व वेळेचे. मार्ग सारखा दिसला म्हणून हेतूही सारखाच ठरत नाही, हा या इतिहासाचा धडा.