गिअर, गुडघा आणि पुण्याची सायकल

पुणे हे सायकलींचे शहर, अशी या गावाची एके काळी देशभर ख्याती होती. 1950 आणि 1960 च्या दशकांत खडकीच्या कारखान्यातला कामगार, कचेरीतला कारकून, दूधवाला आणि कॉलेजातला प्राध्यापक या सर्वांचे वाहन एकच असे. ती काळी, जड, 28 इंची चाकांची सायकल आपणांपैकी अनेकांनी चालवली असेल. तिला गिअर नव्हते. तरी ती पुण्यात इतकी कशी रुजली? तर पुण्याच्या जुन्या पेठा मुठेच्या काठी, बहुतांशी सपाटीवर वसलेल्या आहेत. सपाटीला एक वेग पुरतो.

पण पेठा ओलांडल्या की चढ सुरू होतात. दक्षिणेला कात्रजचा घाट, सासवडच्या वाटेवर दिवेघाट, नैर्ऋत्येला सिंहगड आणि मुंबईच्या रस्त्यावर बोरघाट. अशा ठिकाणी जुना सायकलस्वार काय करी? तो मुकाट्याने खाली उतरे आणि सायकल हातात धरून चालू लागे. त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे, आणि गुडघ्याच्या दृष्टीने ते शहाणपणाचेच होते.

त्याचे कारण साध्या गणितात आहे. पायडलपाशी 44 दात्यांचे चक्र आणि मागच्या चाकाला 18 दात्यांचे फ्रीव्हील आहे असे धरा. पायडलची एक फेरी झाली की सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. आता पुढे 28 आणि मागे 28 दाते लावले, तर त्याच एका फेरीत ती सव्वादोन मीटरच जाईल. फेऱ्या अडीचपट माराव्या लागतील; पण त्याच चढावर दर फेरीला लागणारा जोर निम्म्याहूनही कमी होईल. विहिरीतून एक मोठा हंडा ओढायचा की दोन-तीन कळशा काढायच्या, असाच हा प्रश्न आहे. पाणी तेवढेच निघते, पण कंबर कशाने धरते ते आपल्याला ठाऊक आहे.

युरोपात हा विचार लवकर झाला. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम येथील रॅले कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी मागच्या चाकाच्या तुंब्यातच तीन वेग बसवलेली स्टर्मी-आर्चर रचना बाजारात आणली. फ्रान्समध्ये सेंत-एत्येन गावच्या पॉल द विवी यांनी, चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या रचनेचा आयुष्यभर पुरस्कार केला. तिथला भाग डोंगराळ. गरजेतूनच ती बुद्धी सुचली म्हणा ना! पण विरोधही झाला. 'टूर द फ्रान्स' ही शर्यत 1903 मध्ये सुरू करणारे आंरी देग्रांज यांचे मत असे की, गिअर ही पंचेचाळिशी उलटलेल्यांची सोय आहे. खऱ्या गड्याने स्नायूंच्या बळावर चढावे. त्या शर्यतीत चेन सरकवणाऱ्या गिअरला मोकळीक मिळायला 1937 साल उजाडावे लागले.

आपल्याकडे 1951 साली सोनीपतला ॲटलस आणि 1956 साली लुधियानाला हिरो हे कारखाने उभे राहिले. पण आपल्याला हवी होती ती धान्याचे पोते वाहणारी, कोणत्याही गावात दुरुस्त होणारी, स्वस्त सायकल. म्हणून एकाच वेगाची सायकल टिकली, आणि तिच्याबरोबर 'गिअर म्हणजे चैन' ही समजूतही टिकली.

या समजुतीची किंमत गुडघा मोजतो. गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावरून सरकत असते. पाय जितका जास्त वाकलेला आणि जोर जितका मोठा, तितका त्या वाटीमागचा दाब अधिक. म्हणून सीट फार खाली असेल तर गुडघा पुढून दुखतो. फार वर असेल तर बहुधा मागून दुखतो. परीक्षा सोपी आहे. सीटवर बसून पायडल अगदी खाली आणावे आणि त्यावर टाच ठेवावी. पाय जेमतेम सरळ व्हावा. मग चवड्याने पायडल मारताना गुडघ्याला हवा तेवढा किंचित बाक आपोआप राहतो.

आज पुण्यात गिअरच्या सायकली पुष्कळ झाल्या. सुट्टीच्या पहाटे सिंहगडाच्या वाटेवर त्या दिसतात. महानगरपालिकेने 2017 च्या डिसेंबरात शहरासाठी सर्वंकष सायकल आराखडाही मंजूर केला. पण गिअर असून तो पडत नसेल तर स्वार जड गिअरमध्येच अडकतो, आणि दुखणे पुन्हा गुडघ्याशीच येते. गिअर न पडण्याची कारणे बहुधा साधी असतात. नवी वायर थोड्या दिवसांत सैल पडते. ती ताणून घ्यावी. वायरच्या नळीत धूळ आणि गंज साचतो, ती बदलावी. सायकल उजव्या अंगावर पडली की मागचा गिअर धरणारा पत्रा वाकतो. तो कारागिराकडून सरळ करून घ्यावा. चेन झिजली की ताणल्यासारखी लांब होते. तिच्या बारा जोड्या बरोबर 12 इंच भराव्यात. एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, वाढला असेल तर चेनबरोबर मागची चक्रेही गेली असे समजावे. जोर लावताच दाता सुटतो तो अशाच सायकलीचा, आणि तो हिसका थेट गुडघ्यात जातो. शिवाय गिअर बदलायचा तो चढ लागण्यापूर्वी, पाय हलका असताना. ऐन चढावर दाबून बदलू गेलात तर चेन कुरकुरणारच.

ज्यांच्या सायकलीला गिअरच नाही त्यांनीही निराश होऊ नये. 18 दात्यांच्या फ्रीव्हीलऐवजी 22 दात्यांचे बसवून घेतले तर जोर सुमारे 18 टक्क्यांनी कमी लागतो. सपाटीवर वेग तेवढाच घटेल. पण चढाच्या गावाला तो सौदा परवडतो.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक खास विनंती. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली दिल्या जातात. मुलगी आठवीत असते तेव्हा बसवलेली सीट ती दहावीत गेली तरी तिथेच असते. मुलगी वाढली, सीट वाढली नाही! पुढे गुडघा दुखतो म्हणून सायकल अंगणात पडते, आणि कधी कधी शाळाही मागे पडते. वर्षातून दोनदा, शाळेच्या आवारात, एक पाना घेऊन सगळ्या सायकलींच्या सीटा तपासा. अर्ध्या दिवसाचे काम आहे. एवढे करूनही कोणाचा गुडघा सुजत असेल, रात्री ठणकत असेल, तर मात्र पाना बाजूला ठेवून डॉक्टरकडे जावे.

आणि चढ फारच उभा असला, तर जुन्या पुणेकरासारखे खुशाल खाली उतरावे.