गळाला डोळे कसे फुटले?

वॉशबेसिनच्या बुचाला बांधलेली बारीक पोकळ मण्यांची साखळी आणि बहामाच्या अँड्रॉस बेटाभोवती उथळ पाण्यात फिरणारा एक लाजरा मासा, यांची गाठ १९७७ साली पडली. त्या साखळीतले दोन मणी कापून ते गळाच्या दांडीवर आडवे बांधलेले. मागे रुपेरी जर, जरीवरून गुंडाळलेली पारदर्शक नायलॉनची दोरी आणि कोंबड्याच्या पांढऱ्या पिसांचा पंख. एवढ्या सामानाच्या या खोट्या भक्ष्याचं, म्हणजे ‘फ्लाय’चं, नाव ‘क्रेझी चार्ली’. उथळ समुद्रात बोनफिश गरवणारे लोक आजही त्याची डबी बरोबर घेतल्याशिवाय निघत नाहीत. या लेखाचा विषय मात्र तो अख्खा फ्लाय नाही, त्याच्या डोक्यावरचे ते दोन मणी आहेत. त्यांची वंशावळ मागे मागे नेली की ती थेट आपल्या सह्याद्रीतल्या एका पक्ष्याच्या मानेपर्यंत पोचते, असा प्रस्तुत लेखकाचा दावा आहे.

आधी थोडं त्या पाण्याविषयी. अँड्रॉस हे बहामातलं सगळ्यात मोठं बेट. त्याच्या कडेनं मैलोन्‌मैल पसरलेली पांढरी पुळण भरतीला घोट्या-गुडघ्याएवढ्या पाण्याखाली जाते. पाणी चढू लागलं की बोनफिश त्या पुळणीवर येतो आणि तोंड वाळूत खुपसून कोळंबी, खेकडे, शिंपल्या उकरतो. त्याचे खवले आरशासारखे, त्यामुळे मासा दिसण्याआधी त्याची सावली दिसते. वाटाड्या सपाट होडी लांब काठीनं ढकलत नेतो, डोलकाठीवरच्या खलाशासारखी नजर लावून उभा राहतो आणि मासा दिसला की दिशा व अंतर सांगतो. फ्लाय माशाच्या थोडा पुढे, आवाज न करता पडायला हवा, आणि पडल्यावर मासा पोचण्याच्या आत तळाशी जायला हवा. हलका असेल तर मासा खालून निघून जातो. जड असेल तर तो पडतानाच्या ‘डुबुक्’ आवाजानं सगळा थवा उधळतो. सगळी कारागिरी या दोन अडचणींच्या मधल्या फटीत आहे.

बोनफिश ठरवून फ्लायवर पकडण्याचा मान सहसा जो ब्रुक्स यांना दिला जातो. १९४७ साली फ्लोरिडाच्या इस्लामोराडा इथे जिमी ऑलब्राइट या वाटाड्याबरोबर त्यांनी ते केलं. पुढची तीस वर्षं फ्लाय बदलत गेले, पण आपल्याला हवे असलेले डोळे आले १९७७ साली.

ते आणले कुणी, यावर दोन हकीकती आहेत. पहिली कॅलिफोर्नियाची. उत्तर कॅलिफोर्नियाचे बॉब नॉहाइम अँड्रॉसला चार्ली स्मिथ या नामांकित वाटाड्याबरोबर गेले होते. काचेसारख्या आरपार दिसणाऱ्या चिमुकल्या माशांवर बोनफिश तुटून पडताना त्यांनी पाहिले आणि त्या माशांची नक्कल बांधली. ती पाण्यात कशी चालते हे पाहून चार्लींच्या तोंडून जी दाद गेली, तिच्यावरून फ्लायचं नाव पडलं ‘नॅस्टी चार्ली’. पुढे ऑर्विस या जुन्या अमेरिकी दुकानाचे मालक ली पर्किन्स यांनी तो आपल्या विक्रीच्या यादीत घेतला, तेव्हा ‘नॅस्टी’चं ‘क्रेझी’ झालं. दुसरी हकीकत अँड्रॉसची. तिच्यात फ्लायचे जनक चार्ली स्मिथच. मासा त्यांचा, पाणी त्यांचं, आणि कोणत्या आकाराच्या, कोणत्या चकाकीच्या वस्तूकडे तो मासा वळतो हे ज्ञानही त्यांचंच. ‘क्रेझी चार्ली’ म्हणून जग त्यांनाच ओळखायचं.

वाटाड्याला श्रेय नाकारणं ही या खेळातली जुनी खोड आहे. पाहुणा मासिकात लिहितो, छायाचित्रात पाहुणाच पुढे असतो, आणि होडी ढकलणाऱ्याचं नाव ओळीच्या शेवटी येतं. म्हणून अँड्रॉसच्या हकीकतीला वजन द्यायलाच हवं. पांढरं पीस, पारदर्शक अंग, लहान आकार यांमागचं निरीक्षण त्या बेटावरचं आहे, यात लेखकाला शंका नाही. मण्यांचा निकाल मात्र कॅलिफोर्नियाच्या बाजूनं लागतो.

तसली साखळी तर कुठल्याही न्हाणीघरात मिळते, मग बेटावरच्या माणसाला ती सुचायला काय हरकत होती, असा आक्षेप येतो. हरकत काहीच नव्हती. पण साखळीचे दोन मणी मधल्या दुव्यासकट कापायचे, दांडीवर आडवे ठेवायचे आणि दोऱ्याचे आठच्या आकड्यासारखे तिरके वेढे देऊन आवळायचे, ही रीत नॉहाइम यांच्या घरच्या नद्यांवर आधीच रुळलेली होती. तिथे हिवाळ्यात समुद्रातून स्टीलहेड चढतात. हे समुद्रात जाऊन वाढलेले इंद्रधनुषी ट्राउट. त्या गार, भरल्या नद्यांत तळाशी बसलेल्या माशापर्यंत पोचणारे ‘कॉमेट’ आणि ‘बॉस’ नावाचे फ्लाय लोक बांधत होते. लांब शेपटी, भडक किंवा काळं अंग, आणि डोक्याशी साखळीचे दोन मणी. गोड्या पाण्यातल्या त्या माणसानं आपल्या नदीची सवय समुद्रात नेली, हे जास्त सरळ वाटतं.

साखळीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १८९६ साली कनेक्टिकट राज्यातल्या ब्रिजपोर्टच्या हार्वे हबल यांनी साखळी ओढून दिवा लावण्या-विझवण्याच्या सॉकेटचं पेटंट घेतलं. त्याच गावात पुढे अशा मण्यांच्या साखळ्यांचा कारखानाच उभा राहिला. पातळ पत्रा वाकवून पोकळ मणी करायचा आणि दोन मण्यांच्या पोटात डंबेलच्या आकाराचा तारेचा दुवा अडकवायचा, अशी ही घडण. साखळी कशीही फिरली तरी पीळ पडत नाही. म्हणून ती दिव्याला चालली, बुचाला चालली, सैनिकांच्या गळ्यातल्या ओळखपट्टीला चालली. फ्लाय बांधणाऱ्याच्या दृष्टीनं तिची खुबी वेगळीच आहे. दोन मणी कापले की मध्ये आपोआप एक दांडी राहते आणि ती दोऱ्यानं बांधायला आयती जागा देते. मणी पोकळ असल्यानं वजन बेताचं राहतं. उथळ पुळणीवरचा फ्लाय हलकेच पडून लगेच बुडावा, याला याहून सोयीची वस्तू सापडणं कठीण होतं. शिवाय मणी दांडीच्या वरच्या अंगाला बांधले की फ्लाय पाण्यात उलटा होतो. गळाचं टोक वर राहतं, आणि तळातल्या गवतात किंवा प्रवाळात अडकत नाही.

इथवर वाचून कुणीही म्हणेल की हे डोळे नाहीतच, हे वजन आहे. डोळ्यांसारखं दिसणं हा योगायोग. हा पक्ष बळकट आहे. बरेच अनुभवी गरवे तो मांडतात. पण तो पुरा पडत नाही, कारण साखळीच्या मण्यांच्या आधी त्याच किनाऱ्यावर आणखी एक फ्लाय होता. कॅलिफोर्नियातल्या युरेकाचे जिम प्रे ईल नदीवरच्या स्टीलहेडसाठी १९४०च्या सुमारास ‘ऑप्टिक’ नावाचे फ्लाय बांधत. डोक्याशी पितळेचा मोठा मणी आवळून बसवलेला, आणि त्यावर रंगानं काढलेला ठळक डोळा, बुबुळासकट. नुसतं वजन हवं असतं तर प्रे यांनी ब्रश हातात घेतलाच नसता. त्या नदीवर वजन आणि डोळा एकाच मण्यात बसले, आणि पुढच्या कारागिरांनी रंगाचा खटाटोप सोडून साखळीच्या तयार जोडीवर काम भागवलं, असा हा क्रम दिसतो.

मग प्रे यांना तरी डोळा रंगवायची गरज का वाटली?

इथे सह्याद्री येतो. फणसाडच्या, भीमाशंकरच्या, कोयनेच्या रानात पहाटे आरवणारा राखी रानकोंबडा पक्षीशास्त्रात ‘गॅलस सोनराटी’ म्हणून ओळखला जातो. पियेर सोनरा या फ्रेंच प्रवासी निसर्गअभ्यासकाचं ते नाव. नराच्या मानेवरच्या पिसांची टोकं चपटी, मेणचट, चकचकीत असतात. काळ्या-राखी पिसावर पांढरा आणि पिवळसर ठिपका असा बसतो, की मिनाकाम केल्याचा भास व्हावा. विणीचा हंगाम सरला की नर ही पिसं झाडून टाकतो आणि काही महिने मानेवर साधी काळपट पिसं वागवतो. पाण्यात भिजूनही या ठिपक्याची चमक जात नाही, आणि त्यामुळेच तो व्हिक्टोरियन इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये सामन गरवणाऱ्यांच्या पेटीत जाऊन बसला. ‘जॉक स्कॉट’सारख्या प्रसिद्ध फ्लायच्या दोन्ही बाजूंना तो आहे. जॉर्ज केल्सन यांच्या १८९५च्या ‘द सामन फ्लाय’ या ग्रंथातल्या कितीतरी नमुन्यांत तो आहे. मात्र तिथे तो अजून डोळा नव्हता. सामनचे ते फ्लाय कोणत्याच जिवाची नक्कल नव्हते. रंगीबेरंगी पिसांच्या आराशीत हा ठिपकाही एक दागिना होता.

दागिन्याचा डोळा झाला अमेरिकेत. मेन राज्यातल्या अपर डॅमच्या कॅरी स्टीव्हन्स १९२४ साली स्वतः बांधलेल्या फ्लायवर ६ पौंड १३ औंसांचा ब्रूक ट्राउट पकडून प्रसिद्धीला आल्या. लहान माशांची नक्कल करणारे लांबट फ्लाय ही त्यांची खासियत, आणि त्यांतला ‘ग्रे घोस्ट’ सगळ्यांत गाजला. त्यात रानकोंबड्याचं पीस अगदी डोक्याच्या मागे, जिथे माशाचा डोळा असतो तिथेच बसवलेलं आहे. जागा बदलली तसा त्याचा अर्थही बदलला. खोट्या माशाला डोळा हवाच, ही समजूत अमेरिकी कारागिरांच्या हातात इथून पक्की झाली. अमेरिकेच्या आयात कायद्यात रानपाखरांच्या पिसांवर बंदी असतानाही मासेमारीचे फ्लाय बांधण्यासाठी वर्षाला ५,००० राखी रानकोंबड्यांची कातडी आणायला खास सवलत ठेवली होती. एका ठिपक्यासाठी कायद्यात जागा करावी लागली, यावरून त्याची मागणी कळते.

एक सुटसुटीत सिद्धांत इथे मोह घालतो: रानकोंबड्याचं पीस मिळेनासं झालं, म्हणून लोक धातूच्या डोळ्यांकडे वळले. ऐकायला फार छान, पण साल जुळत नाही. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा आला १९७२ साली. प्रे यांचे ऑप्टिक त्याच्या तीस वर्षं आधीचे, कॉमेटही आधीचे. टंचाईनं धातूचे डोळे जन्माला घातले नाहीत. पिसानं लावलेली नजरेची सवय आणि स्टीलहेडच्या नदीत लागणारं वजन, या दोघांनी ते घडवले, असं लेखकाचं ठाम मत आहे. टंचाईनं फार तर पुढे धातूचा रस्ता रुंद केला. रानकोंबड्याचं पीस आज बाजारात मिळतं ते युरोपात पिंजऱ्यात वाढवलेल्या पक्ष्यांचं.

डोळ्याच्या बाजूनं आणखी एक पुरावा उथळ पाण्यातच मिळतो. कोळंबीची नक्कल बांधताना लोक जाड नायलॉनच्या दोरीचं टोक ज्योतीवर धरतात. ते वितळून त्याचा काळसर गोळा होतो, आणि असे दोन गोळे देठावरच्या डोळ्यांसारखे बांधतात. त्यांना वजन जवळपास नसतंच. वजनाचं काम नसलेल्या ठिकाणीही डोळा मुद्दाम बनवला जातो.

वजनवाल्यांचा सगळ्यांत मोठा साक्षीदार मात्र पेनसिल्व्हेनियाचा. सस्केहाना नदीवर स्मॉलमाउथ बास गरवणारे बॉब क्लाउजर फ्लाय खोल नेण्यासाठी गळावर शिशाचे छर्रे चिमटून पाहत होते. आर्कान्सॉच्या वाप्सी कंपनीचे टॉम श्मूकर यांनी डंबेलच्या आकाराचे शिशाचे तयार डोळे त्यांच्याकडे पाठवले आणि १९८७च्या सुमारास त्यांचा ‘मिनो’ आकाराला आला. दोरी ओढली की तो पुढे धावतो, सैल सोडली की डोकं खाली करून बुडतो. लेफ्टी क्रे यांनी मासिकातून त्याला ‘क्लाउजर डीप मिनो’ या नावानं जगापुढे आणलं आणि आपण एकट्यानं ८०हून अधिक जातींचे मासे त्यावर पकडल्याचं ते सांगत. इथे सुरुवात वजनापासून झाली हे कबूल करायलाच हवं. तरीही क्लाउजर त्या शिशाला रंग देऊन बुबुळ काढत.

शिशाचे दिवस आता सरत आले आहेत. गळाच्या शिशाच्या लहान वजनांवर ब्रिटननं १९८७ साली बंदी घातली, पुढे डेन्मार्कनं शिशाच्या सामानाची विक्रीच थांबवली. त्यांच्या जागी पितळ आणि टंग्स्टन आलं. टंग्स्टन शिशापेक्षा दीडपटीहून जड, त्यामुळे तेवढ्याच वजनाचा डोळा लहान होतो. आणि नेमक्या याच लहान डोळ्यांवर कारखानदार आता खळगे ठेवतात, त्यात चिकटवायला चकाकत्या बुबुळांच्या टिकल्या वेगळ्या विकतात. ऑस्ट्रेलियात क्लाउजर मिनोवर बारामुंडी पकडतात. रायगडच्या खाजणांत त्याच माशाला जिताडा म्हणतात, गोव्यात चोणक. तो राहतो गढूळ पाण्यात, जिथे हातभर अंतरावरचं दिसत नाही आणि भक्ष्य त्याला पाण्याच्या हालचालीवरूनच कळतं. अशा पाण्यात टिकलीचा उपयोग काय, हा वजनवाल्यांचा प्रश्न रास्त आहे. पुळणीवर, नितळ पाण्यात, ते दोन पोकळ मणी दोन्ही कामं करतात.