गुळगुळीत रस्त्याचा अपराध

इ. स. 1869 मध्यें लंडनच्या थ्रेडनीडल स्ट्रीटवर दाबून बसविलेल्या अस्फाल्टाचा रस्ता झाला. चाकांचा खडखडाट थांबला, धूळ कमी झाली. परंतु असल्या रस्त्यावर घोडे पाय घसरून पडतात, अशी ओरड झाली. 1873 सालीं सिटी विभागाचे अभियंते कर्नल विल्यम हेवुड यांनीं पडलेल्या घोड्यांची मोजदादच मांडली. ग्रॅनाइटच्या फरसबंदीवर सरासरी 132 मैलांच्या चालीमागें एक घोडा पडे, अस्फाल्टावर 191 मैलांमागें एक, आणि लाकडी ठोकळ्यांवर त्याहूनही कमी. ओरड निम्मीच खरी ठरली. मात्र त्या मोजणींत एक मार्मिक गोष्ट आढळली: कोरडा अस्फाल्ट निर्धोक, पण तो नुसता दमट झाला कीं सर्वांत धोक्याचा. ग्रॅनाइटची तऱ्हा नेमकी उलटी!

घोड्यांच्या जागीं मोटारी आल्या व घसरण्याचा अर्थच पालटला. आतां माणसें मरूं लागलीं. आणि दोष बहुधा चालकाच्या माथीं बसे. रस्ता साक्षीला कोण बोलावणार? 1930 नंतर इंग्लंडांतील संशोधकांनीं तें केलें. मोटारसायकलीच्या साइडकारचें चाक वाटेशीं तिरपें बसवून तें ओल्या रस्त्यावरून नेत व त्यावर येणारा आडवा जोर मोजीत. दिसण्यांत सारखे असलेले रस्ते पकडीच्या बाबतींत फार भिन्न निघाले. एकाच रस्त्याची पकड उन्हाळ्यांत घटे, हिवाळ्यांत पुन्हां वाढे.

कारण खडीच्या पृष्ठभागांत होतें. पाण्याचा पातळ थर फोडून रबराला धरणारीं टोकें डोळ्यांस दिसतही नाहींत. चाकांखालीं बारीक धूळ रगडली जाऊन तीं झिजतात व दगडाला झिलई येते. चुनखडक लवकर गुळगुळीत होतो. भरड वालुकाश्माचे कण सुटून खालचे नवे कण उघडे पडतात, म्हणून तो टिकतो. दैवाची थट्टा अशी, कीं ही झिलई वळणावर आणि चौकाच्या तोंडाशीं, जेथें ब्रेक दाबावे लागतात, तेथेंच अधिक चढते.

यामुळें 1988 सालीं ब्रिटनच्या मुख्य मार्गांसाठीं पकडीचें मान ठरवितांना सरळ मोकळ्या रस्त्यापेक्षां वळण व चौक यांस तें अधिक ठेविलें. पाण्याची टाकी घेऊन फिरणाऱ्या मोजणीच्या मोटारीचें चाक आजही वाटेशीं 20 अंशांनीं तिरपेंच असतें.