'गोंदिया'मधली वेलांटी

माझे बाबा कचेरीबाहेर टाइपरायटर घेऊन बसत. अर्जावर 'गोंदिया' टाइप करताना त्यांचं बोट आधी वेलांटीवर जाई, मग 'द'वर. कागद एकाच दिशेने सरकायचा, त्यामुळे डोळ्यांना जे आधी दिसतं ते आधी उमटवायचं.

मग संगणक आला. 1986 साली प्रमाण ठरलेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकात क्रम उच्चाराचा आहे: आधी 'द', मग वेलांटी. बाबांनी सवयीने उलट केलं आणि पडद्यावर वेलांटी एका ठिपक्यांच्या गोलाला लटकली. "आता वय झालं आपलं," म्हणत त्यांनी खुर्ची मागे सरकवली.

वय झालं नव्हतं. यंत्राने क्रम बदलला होता आणि ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. हे मला उमगलं ते पुढे ह्युमन-कम्प्युटर इंटरॅक्शन, म्हणजे एचसीआय, शिकवायला लागल्यावर.

हा विषय कॉलेजात कसा शिकवावा, यासाठी अमेरिकेतल्या एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेने 1988मध्ये समिती नेमली. तिचा अहवाल 1992मध्ये आला. त्यात चार नमुना अभ्यासक्रम होते: दोन संगणकशास्त्रासाठी, एक मानसशास्त्रासाठी, एक व्यवस्थापनातल्या माहिती प्रणालींसाठी. म्हणजे हा विषय एकाच विभागाच्या मालकीचा कधीच नव्हता. माणूस कुठे बसून, कशासाठी यंत्र वापरतो, हेही त्यात तंत्राइतकंच महत्त्वाचं होतं.

आपल्याकडे हे काम डिझाइनच्या वर्गात रुजलं. आयआयटी मुंबईत 1969 साली इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर, म्हणजे आयडीसी, सुरू झालं. तिथे शिकवणाऱ्या र. कृ. जोशींनी 'मंगल' फॉन्ट घडवला. विंडोज 2000बरोबर तो घरोघरी पोहोचला. 2013 साली त्याच आयडीसीतून प्रा. अनिरुद्ध जोशी आणि सहकाऱ्यांचा 'स्वरचक्र' हा फोनचा कळफलक आला. त्यात अक्षरं बाराखडीच्या तक्त्यासारखी लावलेली. 'द'वर बोट ठेवलं की भोवती दा, दि, दी असं चक्र उघडतं. हवं तिकडे बोट सरकवायचं. वेलांटी आधी की नंतर, हा प्रश्नच उरत नाही.

आमच्या अभ्यासक्रमात मात्र हा विषय आला तो व्याख्या आणि आकृत्या घेऊन. 'चांगल्या इंटरफेसची वैशिष्ट्ये लिहा.' मुलं पाठ करतात, पास होतात. आणि वापरणारा माणूस? तो तर त्यांच्या घरीच असतो! देवरी, सालेकसाकडून येणाऱ्या काहींच्या आज्या गोंडी बोलतात. शेजारच्या बालाघाटच्या मंगलसिंह मसराम यांनी 1918 साली गोंडीसाठी लिपी तयार केली. युनिकोडमध्ये ती आली 2017 साली, 99 वर्षांनी. तेव्हा कुठे त्या अक्षरांना संगणकात स्वतःचे क्रमांक मिळाले. पण क्रमांक मिळाले म्हणून बोटांना कळा सापडतात असं नाही. त्या कळा कुठे असाव्यात, हे ठरवणारा विद्यार्थी आपल्या अभ्यासक्रमातून घडायला नको का?

अख्खा अभ्यासक्रम बदलणं माझ्या हातात नाही. पहिला गृहपाठ आहे. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला फोनवर स्वतःचं नाव लिहायला सांगा. मदत करायची नाही, फोन हातातून ओढून घ्यायचा नाही. बोट कुठे थांबतं, तेवढं टिपायचं.

दरवर्षी एखाद्या वहीत वाक्य येतं: 'आजीला जमत नाही.' ती वही मी परत करते. म्हणते, फोनला काय जमलं नाही, ते लिहून आण.