वाद्यवृंद-संचालक : हुकमाकडून संमतीकडे

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या मंचावर एकही स्वर न काढता संपूर्ण मैफलीची जबाबदारी वाहणारी व्यक्ती म्हणजे वाद्यवृंद-संचालक. लय ठरविणे, शंभराच्या आसपास वादकांचा मेळ राखणे, कोणत्या वाद्यसमूहाने पुढे यावे आणि कोणी मागे राहावे याचा तोल सांभाळणे, हे त्याचे मुख्य कार्य. ते फारसे बदललेले नाही. बदलला आहे तो त्यामागील अधिकाराचा पाया.

सतराव्या-अठराव्या शतकांत बहुधा हार्पसिकॉर्डवादक किंवा प्रमुख व्हायोलिनवादकच वाजवता वाजवता इतरांना खुणावीत असे. फ्रेंच दरबारातील झाँ-बातीस्त लुली जड काठी जमिनीवर आपटून ठेका देत. ती पायावर बसून झालेली जखम चिघळल्याने १६८७ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे वाद्यवृंद विस्तारले, रचना गुंतागुंतीच्या झाल्या आणि स्वतंत्र संचालक अपरिहार्य ठरला. फेलिक्स मेंडेल्सझोन यांनी १८३५ पासून लाइपझिगच्या गेवांडहाउस वाद्यवृंदात छडीने संचालन करून शिस्तबद्ध तालमींची परंपरा रुजविली. योग्य लय ओळखणे हेच संचालकाचे प्रमुख कर्तव्य, असे रिचर्ड वाग्नर यांनी १८६९ च्या निबंधात प्रतिपादिले. संचालक आता केवळ ठेका देणारा न राहता रचनेचा भाष्यकार झाला.

विसाव्या शतकात या भाष्यकाराचा सत्ताधीश झाला. आर्तुरो तोस्कानिनी यांच्यासाठी १९३७ मध्ये अमेरिकेतील एनबीसी या नभोवाणी कंपनीने स्वतंत्र वाद्यवृंद उभारला. तालमीतील त्यांचा संताप सर्वश्रुत होता. हर्बर्ट फॉन कारायान यांनी १९५५ ते १९८९ अशी तब्बल ३४ वर्षे बर्लिन फिलहार्मोनिकवर अधिराज्य गाजविले. तेथेच या सत्तेची मर्यादाही उघड झाली. १९८२ मध्ये झाबिने मायर या तरुण क्लॅरिनेटवादिकेच्या नेमणुकीचा त्यांनी आग्रह धरला. वादकांनी मोठ्या बहुमताने विरोध केला आणि अखेर मायर यांनीच वाद्यवृंद सोडला.

बर्लिनचे वादक आपला प्रमुख संचालक मतदानाने निवडतात. सायमन रॅटल १९९९ मध्ये, तर किरिल पेट्रेन्को २०१५ मध्ये असेच निवडले गेले. व्हिएन्ना फिलहार्मोनिकने तर १९३३ पासून कायमस्वरूपी संचालक नेमलेलाच नाही. न्यूयॉर्कमधील ऑर्फियस चेंबर ऑर्केस्ट्रा १९७२ पासून संचालकाविना वाजवीत आहे. मात्र लहान वादकसमूहाला जे साधते, ते मालरच्या विराट सिंफनीत साधणे कठीण.

संमतीचे मोल मॅरिन ऑल्सप यांच्या नियुक्तीत दिसले. २००५ मध्ये बाल्टिमोर सिंफनीसाठी त्यांचे नाव जाहीर होताच वादकांनी निवडप्रक्रियेवर उघड नाराजी व्यक्त केली. ऑल्सप यांनी वादकांची भेट घेऊन आपली भूमिका मांडली, २००७ मध्ये सूत्रे स्वीकारली आणि २०२१ पर्यंत ती सांभाळली. अमेरिकेतील प्रमुख वाद्यवृंदाच्या संगीत-संचालकपदी आलेल्या त्या पहिल्या महिला होत.

संचालकाचे कार्यक्षेत्रही मंचापलीकडे गेले आहे. निधी उभारणे, नवा श्रोतृवर्ग घडविणे आणि शाळांपर्यंत पोहोचणे, या अपेक्षा आता पदाबरोबरच येतात. रॅटल यांच्या कारकिर्दीत, २००३ मध्ये, बर्लिनमधील सुमारे २५० मुलामुलींनी फिलहार्मोनिकच्या साथीने स्ट्राविन्स्कीच्या संगीतावर नृत्य सादर केले.

या काळाची दुसरी बाजू विमानप्रवासाने घडविली. मुंबईत १९३६ मध्ये जन्मलेले झुबिन मेहता साठच्या दशकात मॉन्ट्रियल आणि लॉस एंजेलिस या दोन्ही वाद्यवृंदांचे एकाच वेळी संगीत-संचालक होते. तेव्हा अपवादात्मक वाटलेली ही गोष्ट आज नित्याची आहे. त्याची किंमतही आहे : दोन-तीन दिवसांच्या तालमींत नेमकेपणा येतो, पण वाद्यवृंदाचा स्वतःचा नाद घडायला वर्षे लागतात. मेहतांच्याच कारकिर्दीत याचेही उदाहरण सापडते. इस्रायल फिलहार्मोनिकशी त्यांचे पदाधिकारी म्हणून नाते १९६९ पासून २०१९ पर्यंत, अर्धशतकभर टिकले. हुकमाची सत्ता ओसरल्यावर संचालकाकडे उरते ते रचनेचे सखोल ज्ञान आणि सहवासातून मिळविलेला विश्वास. आणि विश्वासासाठी लागणारा वेळच आज सर्वांत दुर्मीळ झाला आहे.