कापसाच्या मुलखात पाळीचा कप

कापूस पिकवणारं आपलं वऱ्हाड, पण आज्या-मायांच्या वाट्याला पाळीत आलं ते जुन्या लुगड्याचं फडकं. चोरून धुवायचं, अंधाऱ्या कोपऱ्यात वाळवायचं. मग पॅड आले. 8 मार्च 2018 ला राज्याने ‘अस्मिता’ योजना काढली, जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना 5 रुपयांत 8 पॅड. त्याच जुलैत पॅडवरचा 12 टक्के जीएसटीही गेला. चांगलंच झालं. पण वापरलेलं पॅड टाकायचं कुठे? धुऱ्यावर की नालीत?

कप काही कालचा नाही बरं. लिओना चामर्स या अमेरिकन नटीने 1937 मध्येच त्याचं पेटंट घेतलं. तो रबराचा होता. महायुद्धात रबर मिळेना, धंदा बसला. आता सिलिकॉनचे कप मिळतात. केरळात आलप्पुळा नगरपालिका हद्दीत 2019 मध्ये 5000 कप फुकट वाटले गेले. आपल्याकडे?

तुलना आपल्या पाण्यावर करा. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात साबणाला धड फेस येत नाही, तिथे फडकं निघणार कसं? कप मात्र 12 तासांच्या आत रिकामा करून धुवायचा, पाळी संपली की उकळायचा. 10 वर्षंही चालतो. ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ने 2019 मध्ये 43 अभ्यासांचा आढावा छापला: गळती पॅडइतकीच किंवा कमी. सवयीला मात्र दोन-चार पाळ्या जातात, पहिल्याच महिन्यात फेकू नका. साइझ बघून घ्या, अन् तांबी बसवली असेल तर आधी डॉक्टरीणबाईंना विचारा.